बोलोन्याचे मनोरे : प्रसिद्ध दोन सोडून बाकीच्या वीसेकांचं काय?

केतकी_बोलोन्या

मी इटलीतल्या बोलोन्यात राहते. उन्हाळ्याच्या सुट्ट्या जवळ आल्या की व्यनि (खाजगी निरोप) सुरू होतात, "बोलोन्याला येतोय, तो उंच मनोरा चढता येईल का?" म्हणून एकदाच इथे लिहिते. तो मनोरा, आझिनेल्ली, ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद केलाय, तो स्वतः बरा आहे पण त्याला खेटून उभा असलेला गारिझेंडा आजारी आहे आणि त्याच्या सावलीत लोकांची रांग लावणं कोणालाच परवडणारं नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आझिनेल्ली ९७ मीटर, आत ४९८ पायऱ्यांचा लाकडी जिना. गारिझेंडा ४८ मीटर आणि साधारण ४ अंश कललेला, म्हणजे पिसाचा मनोरा दुरुस्तीनंतर आज जितका कलून उभा आहे जवळपास तितकाच. दोघंही बाराव्या शतकाच्या सुरुवातीचे. आता गारिझेंडाभोवती पाच मीटर उंच लोखंडी कुंपण आहे, काही पडलंच तर मलबा त्याच्या आत राहावा म्हणून, आणि भर शहरातला हमरस्त्यांचा चौक त्यामुळे अडलाय.

पण धागा काढायचं कारण हे नाही. या शहरात अजून वीसेक मनोरे उभे आहेत आणि लोक त्यांच्या खालून आईस्क्रीम खात जातात, वर बघत नाहीत. प्रेंदीपार्ते साठ मीटरच्या आसपास, आल्ताबेल्ला रस्त्यावरचा आत्सोग्विदी ६१ मीटर आणि बघायला गेलं तर जवळपास ओळंब्यात सरळ, गाल्लुत्सीचा एका बोळातल्या चौकात दडलेला, उगुत्सोनी जुन्या ज्यू वस्तीतल्या कमानीवर, स्काप्पी तर भर खरेदीच्या रस्त्यावर, खाली दुकान. कपांवर, मॅग्नेटवर, पर्यटन खात्याच्या पोस्टरवर मात्र तेच दोन. आणि आता त्यातले दोन्ही बंद म्हटल्यावर लोक म्हणतात "मग बोलोन्यात मनोऱ्यांचं काही बघायला नाही", हे ऐकून मला फार लागतं.

माझं म्हणणं असं की हीच वेळ आहे बाकीच्यांकडे लोकांना न्यायची, आणि गारिझेंडाची दुरुस्ती कुंपणाआड न लपवता तीच लोकांना दाखवायची. तुम्हाला काय वाटतं?

मुसाफिर_सोलापूर

केतकीताई चांगला विषय काढलात. मी बोलोन्याला गेलो होतो तेव्हा एकेकाळी इथे १८० मनोरे होते असं गाईडने सांगितलं, आणि ते चित्र पण दाखवलं ज्यात अख्खं शहर न्यूयॉर्कसारखं दिसतं. खरं का ते?

केतकी_बोलोन्या

@मुसाफिर, ते चित्र एका जुन्या मॉडेलवरून काढलेलं आहे आणि सुंदर आहे, पण त्यावर इतिहास म्हणून विसंबू नका. १८० चा आकडा एकोणिसाव्या शतकात जोवान्नी गोत्सादीनी नावाच्या काउंटने जुने खरेदीखतं, वारसापत्रं चाळून काढला. त्याची मेहनत अफाट होती. फक्त एकाच मनोऱ्याचे मालक बदलत गेले की कागदोपत्री तो वेगवेगळ्या नावांनी येतो आणि एकाचे दोन-तीन मोजले जातात. आताचे अभ्यासक ८० ते १०० म्हणतात. हे कमी नाहीये हो, एवढ्याशा तटबंदीच्या आतल्या गावात शंभर मनोरे! खऱ्या आकड्यानेच माणूस थक्क होतो, जाहिरातीत फुगवून सांगायची गरजच नाही.

चुनखडी

मी पुण्यात स्ट्रक्चरल कन्सल्टंट आहे, जुन्या दगडी-विटांच्या बांधकामाचं काम करतो, त्यामुळे गारिझेंडाच्या बातम्या बारकाईने वाचतोय. लोकांना वाटतं कलतोय म्हणून धोका. कल आहेच, पण तो चौदाव्या शतकापासून आहे. खरं दुखणं पायथ्याच्या आत आहे, ते समजून घ्या.

हे मनोरे बांधायचे कसे तर आधी पाच ते दहा मीटर खोल खड्डा, त्यात लाकडी खुंट ठोकायचे, वर गोटे आणि चुना. मग पायथा सेलेनाइटच्या मोठ्या ठोकळ्यांचा. सेलेनाइट म्हणजे जिप्समच, बोलोन्याच्या दक्षिणेच्या टेकड्यांत मुबलक मिळतो, घडवायला सोपा. वरचं बांधकाम दोन भिंतींचं, आतली जाड आणि बाहेरची पातळ, मधल्या पोकळीत दगड आणि चुन्याची भर. वर जाईल तशी भिंत पातळ होत जाते. साठ मीटरचा मनोरा उभा करायला तीन ते दहा वर्षं लागायची. बाहेरून जी चौकोनी भोकं दिसतात ती परांचीच्या बल्ल्या बसवायची.

आता जिप्समची गोष्ट अशी की पाणी लागलं की तो हळूहळू विरघळतो आणि आग लागली की त्यातलं पाणी उडून जातं आणि त्याचा भुगा व्हायला लागतो. गारिझेंडाच्या पायथ्याशी शतकानुशतकं घरं चिकटलेली होती, दुकानं होती, आगी लागल्या. आज बाहेरून जो स्वच्छ दगड दिसतो ना तो एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बसवलेला मुलामा आहे, भार घेणारं जुनं बांधकाम त्याच्या मागे. म्हणजे दुखरी जागा डोळ्याला दिसतच नाही, आणि कलल्यामुळे एका बाजूच्या त्याच जागेवर सगळ्यात जास्त वजन. म्हणून सेन्सर लागतात, म्हणून आत बारीक आवाज ऐकणारी यंत्रं लावावी लागतात. २०२३ च्या शरद ऋतूत त्याच यंत्रणेने हालचाल नेहमीपेक्षा वेगळी आहे असं दाखवलं आणि तज्ज्ञ समितीने धोक्याची घंटा वाजवली. माझ्या मते जाहिरात करायचीच तर या यंत्रणेची करा, तिनेच हा मनोरा आजवर वाचवलाय.

निखिल७७

राग मानू नका पण एक सरळ प्रश्न. ज्याच्यामुळे माणसं मरू शकतात तो मनोरा अर्धा उतरवून का घेत नाहीत? विटांना नंबर टाकून काढा, पाया नीट करा, परत बांधा. आजच्या काळात काय अवघड आहे.

केतकी_बोलोन्या

@निखिल७७ राग कशाला, इथले लोक पण हे विचारतात. एकदा झालंय ते. चौदाव्या शतकाच्या मध्यावर जमीन खचून गारिझेंडा फारच कलला तेव्हा जोवान्नी व्हिस्कोंती दा ओलेज्जोच्या अमलात त्याचा वरचा सुमारे १२ मीटर भाग उतरवला. म्हणजे आता आहे तो आधीच अर्धवट राहिलेला आहे. आणखी कापला तर उरेल काय!

आणि पाडण्याची चटक लागते हो. पहिल्या महायुद्धाच्या वर्षांत याच दोघांच्या समोर, रस्ता रुंद करायचा म्हणून आर्तेनीझी आणि रिक्कादोन्ना हे दोन मनोरे जमीनदोस्त केले. लोकांनी विरोध केला होता, लिहिणाऱ्यांनी लिहिलं, उपयोग झाला नाही. आज तिथे रुंद रस्ता आहे आणि त्याच रस्त्यावरून जाणाऱ्या वाहनांच्या कंपनांचा त्रास गारिझेंडाला होतो म्हणून वाहनं वळवावी लागली. माझ्या डोळ्यांपुढून ही गोष्ट जात नाही.

चुनखडी

निखिल, इंजिनीअर म्हणून पण सांगतो, नंबर टाकून काढणं दगडाच्या देवळाला जमतं कधीकधी. इथे भिंतीच्या पोटात चुन्याची भर आहे, ती काढली की ती माती झाली. परत बांधाल ती नवी इमारत असेल. व्हेनिसच्या सान मार्कोचा घंटामनोरा १९०२ मध्ये कोसळला आणि १९१२ पर्यंत परत बांधला, दिसायला तसाच, पण तो विसाव्या शतकाचा आहे.

शिवाय खालचा आजारी असताना वरून वजन काढताना पण जपावं लागतं, भार कमी झाला म्हणजे आपोआप चांगलंच होईल असं नसतं, तो कललेला आहे, वजनाचा मध्य सरकतो.

अवंती_मिलान

मी मिलानमध्ये असते आणि इथून जवळच्या पावियाची आठवण करून देते कारण या धाग्यात ती आलीच पाहिजे. पाविया पण मनोऱ्यांचं गाव. १७ मार्च १९८९ च्या सकाळी कॅथेड्रलशेजारचा तिथला नगर-मनोरा काही मिनिटांत खाली आला, चार माणसं गेली. भूकंप नाही, वादळ नाही, बॉम्ब नाही. आमच्या ऑफिसमधल्या वयस्कर पाविया-वाल्या बाई अजूनही त्या चौकाबद्दल बोलताना आवाज खाली घेतात.

त्याच्यानंतरच इटलीचं सरकार खडबडून जागं झालं आणि जानेवारी १९९० मध्ये पिसाचा मनोरा लोकांसाठी बंद केला. म्हणजे पिसा वाचला त्यामागे पावियाची चार माणसं आहेत. तेव्हा जे लोक म्हणतात ना की "इतकी वर्षं उभा आहे, काही होत नाही", त्यांना मी पाविया सांगते.

आणि अजून ताजं, ३ नोव्हेंबर २०२५ ला रोममध्ये तोर्रे देई कोंतीचा भाग दुरुस्तीचं काम चालू असतानाच कोसळला आणि एक कामगार गेला. दुरुस्ती करणाऱ्या माणसाचा जीव हा पण जतनाचाच भाग आहे, त्याच्याबद्दल आपण फारच कमी बोलतो.

चुनखडी

अवंतीताई तुम्ही पाविया काढलंत ते फार बरं केलंत. आमच्या क्षेत्रात त्या एका दुर्घटनेने विचार बदलला. आधी समजूत अशी की विटकाम एकदा उभं राहिलं की राहिलं. पाविया पडल्यावर मिलानच्या पॉलिटेक्निकमधल्या लोकांनी मलब्यातले तुकडे तपासले आणि दिसलं की सततच्या जड भाराखाली जुनं बांधकाम शतकानुशतकं आतल्या आत बारीक बारीक तडकत जातं, आणि मग एके दिवशी पुरे होतं. तिथे सोळाव्या शतकात डोक्यावर दगडी घंटाघर चढवलं होतं, ते वजन त्या भिंतींना चारशे वर्षं पेलावं लागलं. भिंत तीच जात, बाहेर वीट आत भर. म्हणून गारिझेंडाची कल मोजून भागत नाही, पोटातले आवाज ऐकावे लागतात.

मुसाफिर_सोलापूर

मग गारिझेंडावर उपाय काय करणार? पिसासारखाच का?

चुनखडी

थोडं पिसासारखं, थोडं नाही. पिसात मनोरा धडधाकट, जमीन मऊ. म्हणून त्यांनी उत्तरेच्या बाजूची माती पायाखालून थोडी थोडी काढली आणि मनोरा साधारण ४० ते ४५ सेंटिमीटर मागे आला, डिसेंबर २००१ मध्ये परत उघडला. ते करताना मनोऱ्याला दोरांनी धरून ठेवायला जे लोखंडी सांगाडे होते तेच बोलोन्याने २०२४ मध्ये मागवायचं ठरवलं. मला हे फार आवडलं, एका गावाच्या आजारपणातली सामग्री दुसऱ्या गावाच्या उपयोगी पडणार. आधी मनोरा धरायचा, मग पायथ्याच्या आत चुन्याचं ग्राउटिंग करून पोकळ्या भरायच्या, असा साधारण क्रम. इथे सिमेंट चालत नाही हे आवर्जून सांगतो, जिप्समशी सिमेंटचं जमत नाही, फुगतं आणि जे धड आहे ते पण फोडतं. आपल्याकडे वाड्यांच्या दुरुस्तीत चुन्याच्या भिंतींच्या फटी सिमेंटने भरलेल्या बघतो तेव्हा पोटात खड्डा पडतो.

प्राजक्ता_द

इतके तांत्रिक प्रतिसाद वाचून झाले, मला एक वेगळीच गोष्ट सांगायचीये. इटालियन महाकवी दान्तेने 'डिव्हाइन कॉमेडी'मधल्या नरकाच्या एकतिसाव्या सर्गात अँटिअस नावाचा राक्षस खाली वाकतो त्याला गारिझेंडाची उपमा दिलीये, कललेल्या बाजूखाली उभं राहून वर बघताना वरून ढग गेला की मनोराच आपल्या अंगावर येतोय असं वाटतं. तो भ्रम आजही होतो, त्याने तो स्वतः तिथे उभं राहून अनुभवला असणार असंच वाटतं वाचताना. आणि लक्षात घ्या, हे लिहिलं तेव्हा मनोरा अजून कापलेला नव्हता, दान्तेचा गारिझेंडा आपल्यापेक्षा १२ मीटर उंच होता.

त्याहून मला आवडते ती नोटरींची गोष्ट. तेराव्या शतकात बोलोन्यात मोठ्या रकमेचे करार सरकारी वहीत उतरवून ठेवायचे. पानावर कोरी जागा राहिली तर नंतर कोणी तिथे खोटं कलम घुसवेल म्हणून नोटरी त्या जागेत कविता लिहून टाकायचे! १२८७ साली एन्रिकेत्तो देल्ले क्वेर्चे नावाच्या नोटरीने असंच दान्तेचं एक सुनीत उतरवलं, आणि ते गारिझेंडाबद्दल आहे. कवी आपल्याच डोळ्यांवर रागावलाय, की मनोरा बघत बसलात आणि शेजारून गेलेली ती दिसली नाही. दान्तेच्या कवितेची हाती आलेली सगळ्यात जुनी नोंद ही, आणि ती मिळाली खरेदी-कर्जाच्या वहीत.

केतकी, तू विचारतेस ना लोकांना काय दाखवायचं. हे दाखव. कुंपणावर हे सुनीत मोठ्या अक्षरात लावावं, जिथे लोक थांबून सेल्फी काढतात तिथेच.

अवंती_मिलान

+१ प्राजक्ता. पण प्रसिद्धीबद्दल माझी एक भीती आहे आणि ती सान जिमिन्यानो बघून आलेली. परंपरेने तिथे ७२ मनोरे होते म्हणतात, आज १४ आहेत, १९९० पासून जागतिक वारसा. ते वाचले कसे तर १३४८ च्या प्लेगने गाव मोडलं, मग फ्लोरेन्सच्या ताब्यात गेलं आणि पाडून नवं बांधायला पैसाच उरला नाही. आता पैसा भरपूर आहे. दिवसा बसच्या बस उतरतात, मुख्य रस्त्यावर सगळी दुकानं बाहेरच्यांसाठी, संध्याकाळी बस गेल्या की रस्ता ओस. मनोरे ठणठणीत आहेत पण त्यांच्या खाली राहणारं कोण? बोलोन्यात निदान विद्यार्थी आहेत, १०८८ पासूनचं विद्यापीठ आहे, भाजीबाजार आहे. तिथली घरं आधीच पाहुण्यांच्या खोल्यांत बदलतायत. वीस मनोऱ्यांची जाहिरात करून वीस बोळांत गर्दी घुसवली तर तिथले भाडेकरू जातील.

केतकी_बोलोन्या

@अवंती, तुझी भीती मला पटते आणि तिच्यावर सोपं उत्तर नाही. भाड्याची मारामारी इथे रोज बघते, खोली मिळवायला मुलं महिनोन्‌महिने वणवण करतात. तरी मी म्हणते की दडवून ठेवणं हे जतन नाही. बाकीच्या मनोऱ्यांपैकी बरेच खाजगी आहेत, कोणाच्या जिन्याचा भाग, कोणाचं गोदाम, कोणाचं स्वयंपाकघर मनोऱ्याच्या भिंतीला टेकलेलं. त्यांचा खर्च मालकाच्या खिशातून. मालकाला जर त्याच्या भिंतीचं काही कौतुकच नसेल, शेजाऱ्यांना ती काय आहे माहीतच नसेल, तर गळतं छप्पर कोण दुरुस्त करणार? पाणी वरून आत शिरलं की भर ओली होते, मग चुनखडीकाका सांगतायत तेच सगळं सुरू.

प्रेंदीपार्तेचं उदाहरण बघा. एकेकाळी चर्चचा तुरुंग होता, कैद्यांनी भिंतीवर कोरलेलं अजून आहे. आता खाजगी मालकीत आहे, रात्री राहता येतं, अधूनमधून कार्यक्रम होतात आणि गच्चीवर जाता येतं. मिळकत होते म्हणून देखभाल होते. लुक्काचा ग्विनीजी मनोरा, ज्याच्या डोक्यावर ओकची झाडं आहेत, तो त्या घराण्याच्या वारसांनी गावाला देऊन टाकला आणि आज गावाचा सगळ्यात लाडका आहे. दोन्ही वाटा चालतात, पण दोन्हीत कोणीतरी रोज जिना चढणारं आहे.

निखिल७७

मान्य. मी जरा तोडूनच बोललो होतो. पैशाचं सांगा ना कोणी. नुसत्या कुंपणाला किती?

केतकी_बोलोन्या

कुंपण आणि जाळ्यांच्या कामाला सुमारे ४३ लाख युरो सांगितले होते, आणि मनोऱ्याच्या दुरुस्तीला सुरुवातीचा अंदाज २ कोटी युरोचा. महापालिकेने लोकवर्गणी पण सुरू केली, त्यात इथल्या कंपन्यांनी आणि साध्या माणसांनीही दिले. मला त्यात एकच खटकतं, वर्गणीचा सगळा ओघ ज्याचा फोटो येतो त्याच्याकडे. त्यातला छोटासा वाटा तरी बाकीच्या मनोऱ्यांच्या भिंतींवर साधे सेन्सर बसवायला आणि वर्षातून एकदा छप्पर-पन्हळी तपासायला ठेवायला हवा. हे काम स्वस्त आहे, आणि त्यात फोटो काढण्यासारखं काही नाही, म्हणूनच ते राहून जातं.

मुसाफिर_सोलापूर

मग उंचावरून शहर बघायचं असेल तर?

केतकी_बोलोन्या

पालात्सो दाक्कुर्सिओच्या घड्याळाच्या मनोऱ्यावर जा, मोठा चौक थेट खाली दिसतो. सान पिएत्रो कॅथेड्रलचा घंटामनोरा पण छान, त्याच्या आत आणखी एक जुना गोल मनोरा झाकलेला आहे. गाल्लुत्सीच्या चौकात उभं राहून वर बघा, जमिनीपासून बराच वर दरवाजा दिसेल, शेजारच्या घरातून लाकडी पुलावरून तिथे यायचे आणि संकट आलं की पूल काढून घ्यायचे. एवढी एक गोष्ट मुलांना दाखवली की त्यांना मनोरे कशासाठी बांधले ते व्याख्यानाशिवाय कळतं.

आणि बोलोन्यात शिकणारी आपली मुलं असतील त्यांना, आझिनेल्ली बंद असला तरी समजूत माहीत असू द्या, डिग्री मिळायच्या आधी चढला तर डिग्री मिळत नाही म्हणतात. इथली मुलं खरंच पाळतात.

चुनखडी

आझिनेल्लीबद्दल एक भर घालतो, शास्त्रातली. १७९०-९२ च्या सुमारास जोवान्नी बात्तिस्ता गुल्येल्मिनीने आतून वरून वजनं सोडली आणि ती सरळ खाली न पडता किंचित पूर्वेकडे पडतात हे मोजून पृथ्वीच्या फिरण्याचा पुरावा शोधला. वारा नको, कंपन नको म्हणून रात्री प्रयोग. इंजिनीअरिंगच्या मुलांच्या सहली गेल्या तर हे सांगा.

प्राजक्ता_द

केतकी, आपण मराठीत एक पायी फिरायचा नकाशा करूया का? दोन बंद मनोरे बाहेरून, बाकीचे सहा-सात जवळून, प्रत्येकाला पाच-सहा ओळी. सुनीत आणि नोटरीचं मी लिहिते.

केतकी_बोलोन्या

करूया! मी आल्ताबेल्ला ते उगुत्सोनीपर्यंतचा रस्ता चालून फोटो काढते, राहत्या घरांचे दरवाजे नाही टाकायचे, अवंतीचं म्हणणं लक्षात ठेवून. काका, भिंतीचा आडवा छेद काढून द्याल का, साधा, हाताने?

चुनखडी

देतो. रविवारपर्यंत. सेलेनाइट वेगळ्या रंगात दाखवतो.

अवंती_मिलान

पाविया पण घ्या, बोलोन्याहून ट्रेनने सहज होतं. त्या चौकाचं मी लिहीन.